आत काय भरलंय

उरणजवळच्या आमच्या जासईत 'स्टफिंग' हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. कंटेनरमध्ये माल भरणं म्हणजे स्टफिंग आणि उतरवणं म्हणजे डिस्टफिंग. गावाच्या चहूबाजूंना कंटेनर यार्ड आहेत, सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनं आहेत, आणि घरटी एखादा तरी माणूस तिथे क्लार्क, सर्वेअर, ड्रायव्हर नाहीतर सुपरवायझर आहे. माझा धाकटा भाऊही त्यातलाच. त्यामुळे पुण्याच्या हॉस्टेलवरून लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, भालूचं स्टफिंग बाहेर यायला लागलंय," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी उघड्या दाराचा निळा कंटेनरच आला.

भालू म्हणजे तिचं अस्वल. ती आता वीस वर्षांची आहे. भालू तिच्याहून दीड वर्षानं लहान. एके काळी तो मधाच्या रंगाचा होता. आता त्याला रंग म्हणावा असं काही उरलेलं नाही. पोटावरची लव घासून घासून गेली आहे आणि खालचं विणलेलं कापड दिसतं. डावा कान चावून चावून अर्धा झालाय. शिवणीत एक पांढरी पट्टी आहे, तिच्यावरची 'मेड इन चायना' ही अक्षरं कधीच पुसली गेली. लेक शनिवारी घरी आली, ट्रेकच्या सॅकमधून त्याला काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "शिवून दे. पण धुऊ नकोस."

त्या 'धुऊ नकोस'मागे सोळा वर्षांपूर्वीची एक घटना आहे. ती चार वर्षांची असताना भालूला चांगलाच वास मारायला लागला होता. लाळ, दूध, घाम, खोबरेल, सगळ्याचा मिळून एक. ती शाळेत गेल्यावर मी त्याला पावडरमध्ये भिजवून स्वच्छ धुतला आणि कान धरून दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी तिनं त्याला नाकाशी धरलं आणि खाली टाकून दिलं. "हा माझा नाही." दोन रात्री ती नीट झोपली नाही. मला वाटलं हट्ट करतेय. त्यात मी काय मोडलं होतं हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली, थोडंफार वाचावंही लागलं.

या वेळी शिवायला बसले तेव्हा फाटलेल्या जागेतून आत बोट घातलं. पांढराशुभ्र, घसरडा, वजन नसलेला तंतू हाताला लागला. पॉलिएस्टर. मनात आलं, याच्या आत हे आहे, तर माझ्या लहानपणच्या भावलीच्या आत काय होतं? आणि त्या दोघांच्या मधल्या काळात काय काय भरलं गेलं? मऊ खेळण्याचा मागोवा घ्यायचा तर त्याच्या चेहऱ्यावरून घेण्यात अर्थ नाही, चेहरे सगळे सारखेच गोड. पोटात हात घालूनच तो घ्यावा लागतो.

भावाला विचारलं. त्यानं अशा खेळण्यांचे कंटेनर उतरवून घेतलेत. तो म्हणाला, सॉफ्ट टॉइजचा माल वजनाला काहीच नसतो, जागा मात्र खातो. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये सुमारे ७६ घनमीटर जागा असते. ती पार भरते तरी वजनाचा काटा खालीच राहतो. म्हणून पाठवणारे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली हवा ओढून घेऊन प्राण्यांना पापडासारखं चपटं करतात. तपासणीसाठी पिशवी फोडली की ती हळूहळू फुगायला लागतात. आधी पोट वर येतं, मग पाय, आणि अगदी शेवटी कान उभे राहतात. "पहिल्यांदा बघितलं ना ताई," तो म्हणाला, "आम्ही चार जण काम सोडून नुसते उभे राहिलो होतो."

आमच्या शेजारचं न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. देशातल्या मोठ्या बंदरांवरच्या कंटेनर वाहतुकीतला निम्म्याच्या आसपास वाटा कितीतरी वर्षं या एका बंदराकडे राहिला आहे. नव्वदच्या दशकानंतर चिनी खेळण्यांची जी लाट देशभर पसरली, तिच्या मोठ्या भागाचा रस्ता आमच्या दास्तान फाट्यावरूनच गेला असणार. मग सरकारनं बांध घातला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ती ७० वर गेली. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं खेळणं विकायला बंदी आली. मऊ खेळण्याचा डोळा ओढून निघतो का, शिवण ताणली तर उसवते का, हे तपासलं जाऊ लागलं. लहान मूल डोळा तोडून गिळतं, हा धोका खरा आहे आणि नियम योग्यच आहे. भालू मात्र आज त्या तपासणीत पहिल्याच मिनिटाला नापास होईल.

पॉलिएस्टर आपल्याकडे फक्त समुद्रावरूनच आलं असं नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला, रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. त्याच सुमाराला आमच्या घरातल्या बायकांच्या अंगावरचं सुती लुगडं सुटत गेलं आणि न चुरगळणारी, रात्रीत वाळणारी पातळं आली. कामाच्या बाईला ती सोयीची होती, त्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. आजी मात्र हात फिरवून म्हणायची, यात ऊब नाही, याची गोधडी धड होणार नाही. जो तंतू माझ्या काकूच्या साडीत आला, तोच माझ्या लेकीच्या अस्वलाच्या पोटात आला. फरक इतकाच, की साडी अंगाला लागून लागून आमची झाली होती. पोटातला तंतू कुणाच्याच अंगाला लागलेला नव्हता.

कृत्रिम तंतूनं खेळण्याला एक नवा गुण दिला: ते धुता येऊ लागलं. त्याआधीची अस्वलं पाण्यात घातली की आतून कुजायची. वेल्समध्ये वेंडी बोस्टन या नावानं खेळणी निघत, त्या कंपनीनं १९५४ मध्ये सगळंच्या सगळं धुता येणारं अस्वल बाजारात आणलं. घट्ट बसणारे, सहज न निघणारे डोळेही त्यांनीच काही वर्षं आधी काढले होते. आईच्या दृष्टीनं हा केवढा मोठा दिलासा! आणि नेमक्या त्याच काळात लंडनमधला एक माणूस सांगत होता की मुलाची ही वस्तू धुऊ नये.

डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकही होते. त्यांनी १९५१ मध्ये एक निबंध वाचला, तो १९५३ मध्ये छापून आला. पांघरुणाचा कोपरा, चिंधी, अस्वल अशी एखादी वस्तू मूल आपली म्हणून निवडतं. ती आई नसते, पण आई नसताना आईच्या जागी धरता येते. ती मळते, तिला वास येतो, आणि शहाण्या आयांना आतूनच कळतं की ती धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागा तुटेल. वास हाच तो धागा. पुढे २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक 'यंत्र' दाखवलं. ते कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करतं, असं त्यांना सांगितलं. इतर खेळण्यांच्या नकला मुलांनी खुशीनं घेतल्या. स्वतःच्या झोपायच्या सोबत्याला मात्र काही मुलांनी त्या पेटीत ठेवूच दिलं नाही, आणि ज्यांनी ठेवू दिलं त्यांतल्या बहुतेकांना आपलाच जुना परत हवा होता. लेक 'हा माझा नाही' म्हणाली होती ती खोटं बोलत नव्हती. मी नक्कल वाळत घातली होती.

विनिकॉट यांचं एक म्हणणं मात्र मला पटत नाही. ते म्हणतात, वयाबरोबर या वस्तूचा अर्थ विरून जातो. मूल तिला विसरत नाही, पण तिच्यासाठी हळहळतही नाही. मी भोवती बघते तेव्हा वेगळंच दिसतं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, हातात मोठाले हिशेब असलेली, एखाद्या हरवलेल्या सशाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. ही हळहळ खेळण्याची नसते, हे खरं. ज्या अंथरुणावर ते खेळणं होतं, त्या अंथरुणाची ती असते.

तंतूच्या मागे एक पायरी गेलं की घरी शिवलेली अस्वलं लागतात, आणि ती खास मराठी घरातली. ऐंशी-नव्वदच्या दशकात गावोगावच्या महिला मंडळांत सॉफ्ट टॉइजचे वर्ग चालत. क्रॉफर्ड मार्केटातून फरचं कापड आणायचं, पुठ्ठ्याच्या साच्यावर उलट बाजूनं आखायचं, कापताना लव कापली जाऊ नये म्हणून कात्रीचं टोक फक्त खालच्या कापडातून चालवायचं. डोळे आणि नाक प्लॅस्टिकचं, तयार, डझनावर. आत कापूस, नाहीतर स्पंजचे तुकडे, नाहीतर शिंप्याकडच्या कातरणी. हे प्राणी मुलांसाठी नसत. ते जात रुखवतात. लोकरीचं तोरण, मण्यांचा मोर आणि मधोमध पांढरं कुत्रं किंवा गुलाबी अस्वल, 'मुलीनं स्वतः केलंय' असं सांगत. माझी पेणची वहिनी आली ती असं एक गुलाबी अस्वल घेऊन. ते शोकेसमध्ये गेलं, आणि धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गेलं. पंचवीस वर्षं ते पिशवीत बसून आहे. भावाची मुलं काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत मोठी झाली.

त्या अस्वलाची मला मनापासून कणव येते. आणि वहिनीचीही, कारण एकदा तिनं सांगितलं की ते शिवत असताना, महिनाभर, रात्री ती त्याला जवळ घेऊन झोपायची. लग्न ठरलेली एकवीस वर्षांची मुलगी, घर सोडायची भीती कुणाला सांगणार? लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं त्याची लव विंचरून सारखी केली आणि त्याला रुखवताच्या टेबलावर ठेवलं.

अस्वलच का, याचं उत्तर परदेशात आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. त्यांना शिकार मिळेना, म्हणून वाटाड्या होल्ट कॉलियर यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणं रूझवेल्टना पटलं नाही. १६ नोव्हेंबरला 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र आलं. ब्रुकलिनमधले दुकानदार मॉरिस आणि रोझ मिश्टम यांनी कापडी अस्वल शिवून काचेत ठेवलं आणि त्याला टेडीचं नाव दिलं. ही गोष्ट सांगताना शेवट गाळतात. जखमी झालेल्या त्या खऱ्या अस्वलाला रूझवेल्टनी सोडलं नव्हतं. त्याच्या यातना संपवा म्हणून सांगितलं, आणि ते मारलं गेलं.

जवळजवळ त्याच सुमाराला जर्मनीत, गींगेन नावाच्या छोट्या गावात, मार्गारेटे स्टाईफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड यानं हातपाय हलणारं अस्वल घडवलं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं तीन हजार नग मागितले, आणि १९०७ साली त्या एकट्या कारखान्यातून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली. पण मला या आकड्यांपेक्षा मार्गारेटेबाई जवळच्या वाटतात. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हात दुखरा. त्यांनी शिवणकाम धरलं. १८८० च्या सुमाराला एका मासिकातला नमुना बघून त्यांनी फेल्टचा हत्ती शिवला, टाचण्या खोचून ठेवायला. घरातल्या मुलांनी तो पळवला आणि खेळायला घेतला. म्हणजे कारखान्यातून आलेल्या मऊ खेळण्याच्या पूर्वजांत एक शिवणाच्या डब्यातली उशी आहे. बाईच्या हातातली कामाची वस्तू पोरानं आपली केली, इतकीच सुरुवात.

त्या पहिल्या अस्वलांच्या आत लाकडाची बारीक, कुरळी काढलेली ढलपी असे. दाबलं की करकर वाजे. नंतर, पहिल्या महायुद्धापासून पुढे, इंग्रजी अस्वलांत कापोक भरू लागले. कापोक म्हणजे सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, आनंदानं. आमच्याकडे काटेसावर फुलते माघ-फाल्गुनात, आणि उन्हाळ्यात तिची बोंडं फुटली की रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. तो गोळा करून आणायचं काम आम्हा पोरांचं. बी काढून टाकायची आणि उशीत भरायचा. इंग्लंडमधलं पोर ज्याच्यावर गाल टेकत होतं, त्याच्या चुलत भावंडावर आम्ही डोकं ठेवत होतो.

आणि अस्वल? ते आमच्याकडेही होतं, पण जिवंत. दरवेशी नाकात वेसण घातलेलं काळं अस्वल घेऊन दारोदार यायचा. भित्र्या मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की भीती जाते, असा समज. मलाही बसवलं होतं. खरखरीत, उग्र वासाचे, हाताला टोचणारे केस आणि खाली थरथरणारी पाठ, एवढं अजून आठवतं. मग दरवेश्यानं त्याच्या अंगावरचे चार केस तोडून दिले. ते तांब्याच्या ताइतात घालून गळ्यात बांधले. म्हणजे ज्या काळात बाकीचं जग मुलांना अस्वल कुशीत देत होतं, त्या काळात आमच्या गळ्यात अस्वलाचे केस होते. काम तेच: रात्री घाबरू नये. ते जनावर काय सोसत होतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा खेळ बेकायदा ठरला होताच, पण शेवटची नाचरी अस्वलं रस्त्यावरून सुटून निवारा केंद्रात जायला २००९ साल उजाडलं. दरवेश्यांच्या घरांना दुसरा रोजगार मिळवून द्यावा लागला, तेव्हा ते झालं.

आता आपल्या चिंधीच्या बाहुलीकडे येते. तिचा इतिहास लिहायला गेलं की हाती काही लागत नाही. मराठी घरातली जुनी खेळणी म्हटलं की लाकडाची ठकी येते, पितळेची भातुकली येते, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं येतात, मातीचे बैल येतात. मोहेंजोदडोची मातीची चाकंवाली गाडी चार-साडेचार हजार वर्षं टिकून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सगळं टणक. टणक तेवढं टिकलं. कापूस, चिंधी, भुसा आपल्या पावसाळ्यात दोन-पाच वर्षांत वाळवीचा नाहीतर बुरशीचा होतो. इजिप्तच्या कोरड्या वाळूत एक रोमन काळातली चिंध्यांची बाहुली टिकली, तागाचं कापड आणि आत चिंध्या व पपायरसचे तुकडे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोकणात वाळू कोरडी नाही. शिवाय आपली बाहुली मेली की तिचं फडकं व्हायचं. तिनं मागे काही ठेवायचं नसतं, हाच तिचा रिवाज.

खेळून झिजलेली वस्तू जपून ठेवावी असं वाटणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. ख्रिस्तोफर रॉबिन नावाच्या मुलाचं अस्वल, ज्याच्यावरून विनी-द-पूच्या गोष्टी आल्या, ते १९२१ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समधून घेतलेलं. ते आज न्यू यॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात काचेच्या कपाटात आहे. रुखवतातलं अस्वल काचेत असणं आणि हे काचेत असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे आधी भरपूर खेळलं गेलंय.

चिंधीच्या बाहुलीच्या इतिहासात एक आणखी अडचण आहे, आणि ती मला मोलाची वाटते. आपल्याकडे मुलाला झोपताना मऊ खेळणं लागतच नसे. आमच्या घरात पडवीत एका ओळीत आठ-नऊ जणांचं अंथरूण पडायचं. मी आजीच्या कुशीत. हाताला तिच्या लुगड्याचा काठ, नाकाला तिचा वास: मिश्री, चुलीचा धूर, ओलं भात. मुठीत धरायला काही हवं तर काठ होता. अंगावर गोधडी होती, तीही तिच्याच जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्यानं उभीआडवी शिवलेली. १९७० मध्ये इटलीत रेनाटा आणि युजेनिओ गद्दिनी यांनी पाहणी केली, तेव्हा खेड्यातल्या शंभर मुलांत जेमतेम पाच मुलांना अशी सोबतीची वस्तू लागत होती, रोम शहरात तीसएक जणांना. जिथे मूल माणसाला लागून झोपतं, तिथे त्याला वस्तूला लागून झोपावं लागत नाही. माझी लेक वाढली ती दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये. मी नोकरीवर, तिच्यासाठी वेगळा पलंग, भिंतीवर तारे चिकटवलेले. तिथे भालू हवाच होता. तो बाजारातून आलेलं फॅड होता असं मी कधीच म्हणणार नाही. पडवी मोडल्यावर रिकामी झालेली जागा त्यानं भरून काढली.

आणि पडवी मोडली ती आमच्या इच्छेनं नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भाताची खाचरं, मिठागरं, खाजणं. याच जासईत जन्मलेले दि. बा. पाटील योग्य मोबदल्यासाठी उभे राहिले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला इथे आणि नवघर-पागोट्याच्या बाजूला गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा पुढे मिळाला तो या रक्ताच्या जोरावर. तेव्हा मी दहाची होते. घरातले पुरुष बाहेर, दारं लावलेली, आजी उंबऱ्याशी बसलेली. भावली मी तोपर्यंत सोडली होती, मोठी झाले म्हणून. त्या रात्री ती फडताळातून पुन्हा काढली, आणि कुणी मला हसलं नाही.

ती भावली आजीनं केलेली. आजी तिला 'लुगऱ्याची भावली' म्हणायची. आमच्या बोलीत ड चा र होतो. वीतभर लांब, तोंड मांजरपाटाचं, डोळे काळ्या दोऱ्याचे दोन टाके, नाक नाहीच. हिरवं लुगडं, त्याला खरा तांबडा काठ. "बाय, भावली धुवाची नसते," हे आजीनं मला सांगितलं होतं. लंडनच्या कुणा डॉक्टरानं काय लिहिलंय याचा तिला पत्ता असायचं कारण नव्हतं. मी ते विसरले, आणि लेकीचा भालू पावडरमध्ये घातला.

भालूचं पोट शिवून झालं तसं मी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली ती होती, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली. बगलेत उसवली होती. मी ती शिवण आणखी थोडी उघडली, बघायचंच म्हणून. वरच्या हिरव्या लुगड्याखाली एक पांढरं धोतर, आजोबांचं असणार. त्याखाली खाकी पट्टी, काकाच्या शाळेच्या चड्डीची. मग फुलाफुलांचं काहीतरी, ओळखता आलं नाही. एकात एक गुंडाळत गेलेलं घर. आणि सगळ्यांच्या आत, पोटाच्या जागी, भाताचं तूस. तांदूळ कांडून उरलेलं. त्यात चुकून राहिलेले तीन-चार दाणे होते, अख्खे, सालीसकट. एक नखानं सोलला. आत तांबडा तांदूळ. राता. खाऱ्या जमिनीतच येणारं ते भात, आमच्या खाडीकडच्या खाचरातलं. त्या खाचरावर आता एकावर एक पाच कंटेनर रचलेले असतात.

लेक शेजारी येऊन बसली. तिनं भावली नाकाशी धरली, बराच वेळ. "कशाचा वास आहे हा?"

मी सांगायला लागले, तर मला स्वतःलाच तो येईना. डांबराच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. तिला मात्र कसला तरी येत होता.

फरशीवर चमचाभर तूस सांडलं होतं. ते केरात टाकवेना. तिनं कागदाच्या घडीनं ते नीट गोळा केलं आणि बगलेतून पुन्हा आत सोडलं, सोललेला दाणासुद्धा. मी उलटी टीप घालून तोंड बंद केलं. मग ती भालूला सॅकमध्ये कोंबू लागली, कारण पुण्याची गाडी पकडायची होती.